पडझडीचा हिशेब



भूकंप हा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, पुढचा कधी होणार? त्याचं उत्तर आज जगात कुणाकडेही नाही. म्हणून मी त्या प्रश्नाकडे वळणारच नाही. मला बोलायचं आहे ते भूकंप होऊन गेल्यानंतरच्या प्रश्नावर. धूळ खाली बसली, ढिगारे दिसू लागले. आता नेमकं किती गेलं, हे मोजायचं कसं? पडलेल्या भिंतीचे रुपये कसे करायचे? आणि ते कुणी करायचे?

जिथे माणसं गेली तिथे रुपयांचा हिशेब कसला मांडता, असं कुणाच्या मनात येईल. ती भावना मी समजू शकतो. पण मराठवाड्यात बसून हा विषय कोरडा आहे असं कुणाला म्हणता येईल? ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून थकलेली माणसं झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, पेठसांगवी. ही नावं तुम्हाला मी सांगायला नकोत. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सरकारी नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. आणि जी वाचली त्यांचं पुढे काय झालं? कोणतं गाव उठून दुसरीकडे गेलं, कोणतं जागेवर राहिलं, कुणाला पक्कं घर मिळालं, कुणाला १७ हजार रुपये मिळाले, कुणाला ३४ हजार. हे सगळं ठरलं ते मोजणीवर. उंबऱ्यापाशी उभं राहून कुणीतरी कागदावर एक आकडा लिहिला आणि त्या घराचं पुढचं आयुष्य त्या आकड्याला बांधलं गेलं. इतक्या महत्त्वाच्या कामाबद्दल आपण इतकं कमी बोलतो, याचं मला वाईट वाटतं. आजचा विषय त्यासाठीच निवडला.

आधी एक घोळ दूर करू. भूकंपानंतर एकाच घरासमोर तीन वेगवेगळे प्रश्न उभे असतात आणि आपण ते एकात एक मिसळतो. पहिला प्रश्न : आज रात्री आत झोपायचं की नाही? दुसरा : इमारतीला इजा किती झाली? आणि तिसरा : ती नीट करायला किती पैसे लागतील? कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांनी १९८९ मध्ये पहिल्या प्रश्नासाठी साधी पद्धत बसवली. दारावर हिरवा, पिवळा किंवा लाल कागद चिकटवायचा. हिरवा म्हणजे आत जा, लाल म्हणजे जाऊ नका. पद्धत चांगली आहे, जगभर पोचली आहे. पण लाल कागदाचा अर्थ घर संपलं असा होत नाही. शेजारच्या घराची भिंत तुमच्यावर कलली असेल तर तुमच्या धडधाकट घरालाही लाल कागद लागतो. आणि हिरव्या कागदाच्या घरात दुरुस्तीचा खर्च लाखांत जाऊ शकतो. तो कागद जिवासाठी असतो. त्यावरून पैशाचा हिशेब मांडायला घेतला की गोंधळ झालाच म्हणून समजा.

आता दुसरा प्रश्न. इजा किती? इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळी मेख इथे आहे.

माळवदाचं घर डोळ्यांसमोर आणा. सभागृहातल्या अनेकांचं बालपण अशाच घरात गेलं असेल. भिंत दोन-तीन फूट जाड, काही वाड्यांत त्याहूनही जाड. बाहेरून पाहिलं तर वाटतं, तोफ मारली तरी पडणार नाही. पण ती भिंत आडवी कापून पाहिली तर काय दिसतं? ती एक भिंत नाहीच. दगडाचा एक पदर आतल्या बाजूने, एक पदर बाहेरच्या बाजूने, आणि दोहोंच्या मधे दगडगोटे आणि माती भरलेली. दोन पदरांना एकमेकांशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड क्वचितच कुठे. जोडाला चुना नाही, सिमेंट नाही, फक्त चिखल. जमीन हलू लागली की मधली भर खाली बसते, पदरांना बाहेर ढकलते, आणि दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात. बाहेरचा पदर गल्लीत पडतो आणि आतला खोलीत, झोपलेल्या माणसांवर.

आणि वर? वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी थोडी माती, पुढच्या वर्षी आणखी थोडी. थर वाढत वाढत दोन फुटांवर गेला तर एका चौरस मीटरवर जवळपास एक टन वजन होतं. दहा बाय बाराच्या खोलीवर दहा-अकरा टन. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर त्या पहाटे काय होऊन कोसळलं, हे इथे कुणाला सांगायला हवं?

अशा घराची इजा मोजायला जी मापपट्टी वापरतात ती युरोपात १९६४ मध्ये तयार झाली. मेदवेदेव, श्पॉनहॉयर आणि कार्निक या तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिला एम.एस.के. म्हणतात. त्यात इजेच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली : गिलाव्याला बारीक तडे, खपल्या पडणं. दुसरी : भिंतीत लहान भेगा, गिलाव्याचे मोठे तुकडे गळणं. तिसरी : भिंतीत मोठ्या, खोल भेगा. चौथी : भिंतीत भगदाडं, घराचे भाग एकमेकांपासून सुटणं. पाचवी : घर जमीनदोस्त. किल्लारीनंतर आपल्याकडे याच पाच पायऱ्या वापरल्या गेल्या आणि २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर गुजरातनेही त्याच वापरल्या.

वाचायला सोप्या वाटतात, नाही का? पण पंचनाम्याला गेलेल्या तलाठ्याच्या किंवा कनिष्ठ अभियंत्याच्या जागी क्षणभर उभे राहा. दिवसभरात कितीतरी घरं बघायची आहेत. समोर खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेली तिरपी भेग आहे. ती मोठी म्हणायची की लहान? ती आरपार गेली आहे का, हे आत जाऊन बघायला हवं, पण आत जाणं धोक्याचं आहे. भिंतीला पोट आलं आहे, ते परवाच्या भूकंपाने आलं की दहा वर्षांपूर्वीच्या पावसाने? घरमालक हात जोडून समोर उभा आहे. मागे गाव उभं आहे. दुसरी पायरी लिहायची की तिसरी? तिसरी की चौथी? कागदावर एका आकड्याचा फरक, पण किल्लारीनंतर जी गावं जागेवरच राहिली, तिथल्या घरांना पहिल्या तीन पायऱ्यांना १७ हजार आणि चौथ्या-पाचव्या पायरीला ३४ हजार रुपये, असा हिशेब होता. म्हणजे तीन आणि चार यांच्यातली ती रेघ बरोबर दुप्पट पैशांची होती. मोजणाऱ्याला दोष देऊ नका. सुट्या सुट्या पायऱ्यांची मापपट्टी वापरली की कुठे तरी रेघ पडतेच, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच घरं असतात.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे या. पायरीचे पैसे कसे होतात?

अमेरिकेत जॉन फ्रीमन नावाच्या अभियंत्याने १९३२ मध्ये भूकंपाची हानी आणि विमा यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की भीतीपोटी सगळं गाव गेल्याचे आकडे सांगू नका, इमारत इमारत मोजा. त्या विचाराला पुढे १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिस्त आली. वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या जाणकारांना विचारून, त्यांच्या अंदाजांची सांगड घालून एक तक्ता बनवला गेला. त्यामागची कल्पना एका वाक्यात सांगता येते : दुरुस्तीचा खर्च भागिले तीच इमारत आज नव्याने बांधण्याचा खर्च. या गुणोत्तरावर सगळं उभं आहे. किरकोळ इजा म्हणजे १ टक्क्यापर्यंत, हलकी म्हणजे १ ते १०, मध्यम म्हणजे १० ते ३०, जड म्हणजे ३० ते ६०, त्यापुढे फार मोठी, आणि शेवटी १०० टक्के.

हिशेब करून पाहू. ६०० चौरस फुटांचं घर. आज नव्याने बांधायला चौरस फुटाला २ हजार रुपये धरले तर १२ लाख. मध्यम इजेचा मधला आकडा २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. जड इजेचा मधला आकडा ४५ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार. शेजारशेजारच्या दोन रकान्यांत फरक तीन लाखांचा. अशी दहा हजार घरं चुकीच्या रकान्यात गेली तर तीनशे कोटी. तिजोरीतून एक तर तीनशे कोटी जास्त जातील, नाही तर तीनशे कोटींचं दुःख लोकांच्याच अंगावर राहील. एका भेगेचा अंदाज, त्याला दहा हजारांनी गुणलेलं. हे लक्षात ठेवा.

या हिशेबात तीन ठिकाणी आपली हमखास चूक होते.

पहिली, जागेची किंमत. पुण्यात एखाद्याला विचारा, तुमच्या फ्लॅटची किंमत किती? तो सांगेल एक कोटी. पण भूकंप जमीन घेऊन जात नाही. त्या कोटीतला मोठा वाटा जागेचा, वस्तीचा, रस्त्याचा. गेलं ते बांधकाम, आणि मोजायचं ते बांधकामच. विम्याच्या कागदावर हेच लोक चुकतात. २०२१ पासून आपल्याकडे सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, भूकंप तिच्यात येतो, आणि इमारतीची रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशीच धरली जाते. म्हणून ती लोकांना वाटते तितकी महाग नसते. किती जणांनी घेतली आहे? हात वर करायला सांगत नाही, पण घरी जाऊन विचार करा.

दुसरी चूक, घसारा. जुनं घर, आयुष्य संपलेलं, म्हणून किंमत शून्य. आजोबांच्या हातच्या दगडी घराला असं म्हणणं हिशेबाच्या वहीत बरोबर दिसेल. पण ज्याचं घर गेलं त्याला जुनं घर विकत मिळत नाही, त्याला नवं बांधावं लागतं. आणि भूकंपानंतर विटा, वाळू, गवंडी सगळं महागलेलं असतं, कारण सगळ्यांनाच एकाच वेळी बांधायचं असतं. म्हणून हिशेब नव्या बांधकामाच्या दराने, आणि तोही त्या वेळच्या दराने व्हायला हवा.

तिसरी चूक सगळ्यात मोठी : जे दिसत नाही ते धरायचंच नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज इथे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. पोलादी सांगाड्याच्या इमारती बाहेरून ठणठणीत दिसत होत्या. पोलाद लवचीक, ते भूकंपात वाकेल पण तुटणार नाही, असा सगळ्यांचा विश्वास. नंतर सांध्यांवरचं आच्छादन काढून पाहिलं, तर तुळई आणि खांब जिथे वेल्डिंगने जोडले होते तिथे तडे. एक-दोन इमारतींत नाही, अनेक इमारतींत. विमा उद्योगाचा सुरुवातीचा अंदाज अडीच अब्ज डॉलरच्या आसपास होता, तो पुढे साडेबारा अब्जांवर गेला. पाचपट. इतक्या प्रगत देशात पाचपट. आणि त्या भूकंपानंतर विमा कंपन्या कॅलिफोर्नियात घरांचा विमा द्यायलाच कचरू लागल्या, तेव्हा १९९६ मध्ये राज्याला त्यासाठी वेगळी संस्था उभारावी लागली. मोजणी चुकली की पुढच्या भूकंपाच्या तयारीवरही त्याचा परिणाम होतो, तो असा.

याच्याच पोटातली आणखी एक गोष्ट. आधुनिक कार्यालयाच्या इमारतीत खांब-तुळयांवर एकूण खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. बाकीचा पैसा असतो भिंती, फरशी, काचा, लिफ्ट, नळ, वायरिंग, छताच्या फॉल्स सीलिंगमध्ये. म्हणजे सांगाडा शाबूत राहिला तरी नुकसान निम्म्यावर जाऊ शकतं. सांगाडा बघून परत फिरणारा पाहणी करणारा अभियंता या निम्म्याला मुकतो.

मंडळी, इथवर मोजण्याच्या तंत्रावर बोललो. आता मोजलं काय गेलं, यावर बोलतो.

किल्लारीनंतर ५२ गावांचं पुनर्वसन नव्या जागी झालं. नवी घरं तीन मापांची होती : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कोणतं, हे कशावरून ठरलं? पडलेल्या घरावरून नाही. जमिनीवरून. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५०, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. त्या निर्णयामागे कारणं होती. ढिगाऱ्यात घरांचे आराखडे सापडत नव्हते, सातबारा मात्र हाताशी होता. शिवाय ज्यांच्याकडे कधी पक्कं घर नव्हतं अशा भूमिहीनांना पहिल्यांदा ते मिळालं, आणि याचं मोल मी कमी लेखत नाही. पण हिशेबाच्या दृष्टीने काय झालं? घराचं नुकसान मोजलंच गेलं नाही, त्याच्या जागी जमीन मोजली गेली. ज्याचं घर मोठं आणि शेत लहान, तो कारागीर, तो दुकानदार, त्याचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसलं नाही. का? कारण घरांची नोंद हाताशी नव्हती.

जी गावं जागेवर राहिली तिथे जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने दीड लाखांहून अधिक घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. अभियंते सांगत होते, जुनी भिंत बांधून घ्या, आरपार दगड बसवा, वरून काँक्रीटचा पट्टा द्या. अनेक घरमालकांनी काय केलं? त्या पैशात जवळच एक नवी खोली बांधली, पत्र्याची किंवा स्लॅबची. जुनं घर तसंच ठेवलं. तज्ज्ञांना हे पटलं नाही. मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. ज्या भिंतीने घरातली माणसं नेली तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवा, असं कुणाला कसं सांगणार? विश्वास उडणं हेही नुकसानच आहे, आणि ते दुरुस्तीच्या खर्चात कधी येत नाही. न्यूझीलंडमध्ये २०११ च्या क्राइस्टचर्च भूकंपानंतर शहराच्या मध्यातल्या अनेक काँक्रीट इमारती दुरुस्त करता आल्या असत्या, तरी त्या पाडल्या गेल्या. विम्याच्या अटी, मालकांची मनं, बंद पडलेलं शहर, सगळं मिळून तो निर्णय झाला. म्हणजे दुरुस्तीचा खर्च समजा ३० टक्के असला, तरी नुकसान १०० टक्के.

आता अलीकडची गोष्ट. हल्ली भूकंप झाला की अर्ध्या-पाऊण तासात अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था जगाच्या कुठल्याही कोपऱ्यासाठी अंदाज देते : इतकी जीवितहानी, इतकं आर्थिक नुकसान, अशा मर्यादांमध्ये. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला, आणि महिना संपायच्या आत जागतिक बँकेने थेट भौतिक नुकसान ३४.२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज जाहीर केला. हे कसं जमतं? कुणी घरोघर फिरलेलं नसतं. जमीन कुठे किती हलली याचा नकाशा घ्यायचा, तिथे कोणत्या प्रकारच्या किती इमारती आहेत ते घ्यायचं, आणि प्रत्येक प्रकारची इमारत इतक्या हादऱ्याला किती मोडते, या जुन्या अनुभवाने गुणायचं.

मग उपग्रहाचं छायाचित्र पुरेसं नाही का, असं तरुण मुलं मला विचारतात. २६ जानेवारी २००१ आठवा. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, आणि तिथून दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा ताठरपणा, खाली नुसते खांब. सगळा झोका त्या खांबांवर आला आणि ते मोडले. अशी इमारत कधी कधी एक मजला खाली बसते. वरून बघितलं तर गच्ची जागेवर, पाण्याची टाकी जागेवर. छायाचित्रात घर शाबूत! म्हणून नेपाळने २०१५ च्या भूकंपानंतर घाईच्या पहिल्या अंदाजावर न थांबता अभियंत्यांना टॅबलेट घेऊन घरोघर पाठवलं. जवळपास ५ लाख घरं पूर्ण पडल्याचं त्या वेळच्या अहवालात आलं होतं. मदत कुणाला द्यायची, हे मात्र घराच्या दारातल्या पाहणीवर ठरलं.

दोन्ही वाटा शेवटी एकाच जागी येतात. झटपट अंदाज असो की दारातली पाहणी, आधी तिथे काय उभं होतं हे ठाऊक असावं लागतं. किती मजले, भिंत कशाची, जोड मातीचा की सिमेंटचा, छप्पर कसलं, कधी बांधलं. उभी घरं मोजली नसतील तर पडलेली कशी मोजणार? आपल्याकडे जनगणनेत भिंतीचं आणि छपराचं साहित्य विचारतात. त्यावरून बी.एम.टी.पी.सी. या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये देशाचा धोका-नकाशासंग्रह काढला. काम मोलाचं आहे. पण जनगणनेतली ‘दगडी भिंत’ म्हणजे चिखलातली की सिमेंटमधली? पार्किंगचा मोकळा तळमजला जनगणनेत कुठे येतो?

आणि हे धोका कमी असलेल्या भागाचं काम नाही, असं कुणी समजू नये. १९९३ पूर्वीच्या नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. २००२ च्या नकाशात ते तिसऱ्या पट्ट्यात आलं, मुंबई-पुण्याच्या बरोबरीने.

माझी मागणी लहान आहे. नवं खातं नको, नवा आयोग नको. प्रत्येक ग्रामपंचायतीत नमुना नंबर ८ची कर आकारणी नोंदवही आहे. घरपट्टीसाठी तिच्यात आजही लिहावं लागतं की इमारत मातीची, दगड-विटांची आणि जोड मातीचा, की चुना-सिमेंटचा, की आर.सी.सी.ची. म्हणजे भूकंपाच्या हिशेबाला जे सर्वांत आधी हवं ते आपण कर घेण्यासाठी गोळा करतोच आहोत! त्या वहीत आणि महापालिकांच्या मिळकत नोंदीत चार रकाने वाढवा : मजले किती, बांधकामाचं वर्ष, छपराचा प्रकार, तळमजला मोकळा आहे की भिंतींचा. सोबत दर्शनी बाजूचा एक फोटो. आणि या वहीची एक प्रत गावाबाहेर, जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित राहू द्या, कारण ग्रामपंचायतीची इमारतही पडू शकते.

इथे सरपंच बसले आहेत, नगरसेवक बसले आहेत, अभियांत्रिकीची मुलं बसली आहेत. मुलांना एका सत्रात एक गाव सहज पुरं करता येईल, आणि पाहणीची तालीमही होईल. येत्या घरपट्टी फेरआकारणीच्या वेळी ग्रामसभेत हा विषय मांडा आणि ठराव करून घ्या. तुमच्या गावचा मसुदा तयार करायला मदत लागली तर मला बोलवा, मी येईन.